सोलापूरची संगणक बैठक आणि आपल्या स्मरणिकेच्या जुन्या फायली

प्रेषक: माजी सचिव (सध्या मुक्काम सोलापूर)
विषय: इथली संगणक बैठक

मंडळी, नमस्कार.

गड्ड्याची जत्रा पाहिली, हुरडा झाला, नातेवाईक झाले. रविवारी मेव्हण्यानं नवी पेठेतल्या एका क्लासच्या माडीवर नेलं. संगणक वापरणारी मंडळी तिथं जमतात आणि एकमेकांना युक्त्या दाखवतात. आपल्याकडे असल्या कार्यक्रमात एकजण स्लाइडवर स्लाइड सरकवतो आणि बाकीचे समोशाचा वास घेत बसतात. इथं स्लाइडच नाही. ज्याची अडचण असेल तो खुर्चीत बसणार, त्याचाच लॅपटॉप पडद्याला जोडणार. सांगणारा मागं उभा राहणार आणि त्यानं माऊसला हात लावायचा नाही. एका पोराचा हात घाईनं पुढं गेला, तर मागून आवाज आला, "हात मागं घे की बे, करू दे त्यांना!"

पहिले बसले चादरीच्या कारखान्यात ऑफिस सांभाळणारे एक गृहस्थ. घरी तेलुगू, कामात मराठी, आणि बरीच गिऱ्हाइकं विजापूर-गुलबर्गा पट्ट्यातली. इन्स्क्रिप्टवर (भारतीय लिप्यांसाठीची कीबोर्डची मांडणी) मराठी झरझर टाइप करतात, पण कन्नड मजकूर हवा असला की बाहेरून करून आणायचे. मागच्या माणसानं त्यांना विंडोजच्या सेटिंगमध्ये कन्नड आणि तेलुगू कीबोर्ड जोडायला लावले. मग विंडोजचं बटण आणि स्पेस दाबून भाषा बदला, म्हणाला, आणि बोटं मराठीसारखीच चालवा. 'के'वर मराठीत क येतो, कन्नडमध्येही क, तेलुगूतही क. इन्स्क्रिप्टची मांडणी वर्णमालेवर केलेली आहे, मात्रा आणि स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या. म्हणून लिपी बदलली तरी बटणांच्या जागा बदलत नाहीत. त्या गृहस्थांनी 'पहिल्यांदा वेगळी भिजवा' ही चादरीवरच्या चिठ्ठीतली ओळ कन्नडमध्ये तिथंच टाइप केली. टाइप करताना कीबोर्डकडे बघतसुद्धा नव्हते. आपण सगळे इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणारे. मला जरा हेवाच वाटला.

मग एक वकील. त्यांच्या यादीत 'ॲड.' शोधलं की निम्मीच नावं सापडतात. कारण असं, की ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारा सामाईक तक्ता) २००८ साली आलं. त्याआधी, आणि काही कीबोर्डांवर अजूनही, अ टाइप करून त्यावर वेगळा चंद्र देतात. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं, यंत्राला वेगळं. कंट्रोल-एच (शोधा आणि बदला) उघडून जुन्या ॲच्या जागी सगळीकडे नवा घातला, यादी सरळ. आपल्या सभासद यादीतही हा घोळ असणार, बघून घ्या.

बाकी किरकोळ. विंडोज आणि व्ही दाबलं की शेवटच्या पंचवीस कॉपी केलेल्या गोष्टी दिसतात (पहिल्यांदा चालू करावं लागतं). पण कॉपी केलेला पासवर्डही त्यातच दिसतो, तेव्हा सायबर कॅफेत किंवा पाहुण्यांच्या मशिनवर जपून.

आपणही असं काही सुरू करूया का?

— माजी सचिव

प्रेषक: स्मरणिका समिती
विषय: उत्तर: इथली संगणक बैठक

दादा, वाचून बरं वाटलं. पण आधी माझी अडचण सोडवा. स्मरणिकेचे जुने अंक वेबसाइटवर टाकायचेत. काही फायली वर्डच्या आहेत, काही पेजमेकरच्या (छपाईची पानं मांडायचा जुना प्रोग्राम). वर्डच्या उघडतात, पण मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. पेजमेकर आता कुणाकडेच नाही. एक जण म्हणाला, सगळं परत टाइप करा. कोण करणार?

प्रेषक: माजी सचिव
विषय: उत्तर: उत्तर: इथली संगणक बैठक

वहिनी, परत टाइप करायचं नाही. नेमकी हीच अडचण घेऊन इथं लग्नपत्रिका छापणारे एकजण बसले होते, सगळ्यात जास्त वेळ त्यांच्यावरच गेला.

युनिकोड रुळायच्या आधी फाँट करणाऱ्या प्रत्येकाचा तक्ता आपापला होता. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठीची चित्रं बसवलेली. फाँट मशिनवर नसला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. म्हणजे मजकूर शाबूत आहे. फाँटचं नाव कळलं की परिवर्तक, म्हणजे जुन्या फाँटातला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा प्रोग्राम, चालवता येतो. वर्डमध्ये त्या ओळीवर क्लिक करा. फाँट मशिनवर नसला तरी वरच्या चौकटीत नाव दिसतं. पेजमेकरच्या फायली लिबरऑफिस ड्रॉमध्ये उघडून बघा. फुकट आहे. मांडणी विस्कटेल, पण आपल्याला मजकूरच हवाय.

परिवर्तन झाल्यावर खरी मेख. जुन्या फाँटात ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी आधी टाइप करायची आणि मग अक्षर. रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये दोन्ही उलटं: वेलांटी अक्षरानंतर, आणि रफाराचा र् अक्षराच्या आधी. त्यामुळे दोन्ही एकाच अक्षरावर आले की परिवर्तक गडबडतो. पत्रिकावाल्यांना सांगितलं होतं, सगळं वाचत बसू नका, आधी 'आर्थिक' आणि 'वार्षिक' शोधा. ते दोन नीट उतरले असतील तर बाकी बहुतेक नीट असतं. आपल्याकडे तर दर अंकात वार्षिक अहवाल आणि आर्थिक ताळेबंद आहेच!

दुसरं ठिकाण ऱ्य आणि ऱ्ह. हे हमखास र्य आणि र्ह होतात, आणि स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्यांच्या आभारात आचार्य येऊन बसतात. दुरुस्त करताना इन्स्क्रिप्टवर शिफ्ट-जे, मग डी, मग य.

आणि एक विनंती. जुन्या अंकांत सभासदांचे पत्ते आणि फोन आहेत. ती पानं कुठल्याही अनोळखी वेबसाइटच्या परिवर्तकात चिकटवू नका. आपल्याच मशिनवर चालणारा परिवर्तक वापरा, किंवा ती पानं वगळा.

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: इथली संगणक बैठक

अरे, एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? छापील अंक आहेत ना? मोबाइलनं फोटो काढा, अक्षरं तो आपोआप ओळखतो. आता एआय आहे. बैठका कसल्या घेता!

प्रेषक: माजी सचिव

काका, ज्या अंकाची फाईलच नाही त्याला तुमचाच उपाय. पान सपाट ठेवून फोटो काढायचा, गूगल ड्राइव्हवर चढवायचा आणि गूगल डॉक्समध्ये उघडायचा. मराठी बऱ्यापैकी उतरतं. अर्थात तिथंही पत्त्यांची पानं नकोतच. पण फाईल हाताशी असताना फोटोवरून अंदाज कशाला? परिवर्तक चुकला तर सगळीकडे एकसारखा चुकतो, एकदा शोधून सगळं बदलता येतं. फोटोवरून वाचणारा प्रत्येक पानावर वेगळा चुकतो, आणि आडनावं तर स्वतःच्या मनानं सुधारून ठेवतो. सभासदांच्या यादीत तुमचंही नाव आहे.

बैठक मात्र हवीच. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि आपल्यापैकी निम्म्यांच्या घरी विंडोज ११ न चालणारी मशिनं पडून आहेत. इथं एकानं तसल्या मशिनवर पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी फुकट प्रणाली) चालवून दाखवलं, काही न पुसता. आपली पहिली बैठक त्यावरच घेऊ.

तोवर एक काम. स्मरणिकेचा जुना फाँट कुणाच्या मशिनवर अजून आहे का, ते फाँटच्या फोल्डरमध्ये बघा. फाँटची फाईल पाठवू नका, त्यांचे परवाने असतात. फक्त नाव कळवा.

प्रेषक: स्मरणिका समिती

दादा, वर्डमध्ये नाव दिसलं! अहवालाला एक फाँट आहे, कवितांना दुसराच. जाहिरातींची पानं कुणी केली होती देव जाणे, तिथं तिसराच निघाला.

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद

जाहिराती मीच केल्या होत्या. ते मशिन तळघरात आहे. शनिवारी चालू करून बघतो, मात्र मॉनिटर कुणीतरी घेऊन या, माझा मी मागेच भंगारात दिला. आणि सोलापूरकर, येताना शेंगाचटणी.