शब्दचर्चा : सोंग, पात्र आणि भूमिका

कणकवली
दशावतारावर, म्हणजे आमच्या जत्रेतल्या रात्रभराच्या लोकनाट्यावर, लेख लिहितोय आणि एका साध्या वाक्यावर अडलोय. 'नटाने भीमाची भूमिका केली' हे वाक्य व्याकरणाने बरोबर आहे, पण आमच्या जत्रेतलं वाटत नाही. गावात कुणी भूमिका करत नाही. पार्ट करतात, नाहीतर सोंग आणतात. 'सोंग' लिहावं तर पुण्या-मुंबईच्या वाचकाला त्यात ढोंग ऐकू येईल. लेखाचा विषयच नट आणि त्याने धारण केलेला देव यांचं नातं काय, हा आहे. त्यामुळे शब्द घसरला की विचारही घसरणार. काय वापरू?

मालवण
सरळ 'पार्ट' लिहा. राजपार्टी, स्त्रीपार्टी हे शब्द मंडळातले लोक स्वतः वापरतात. मूळ इंग्रजी असलं म्हणून काय झालं? पायपेटी तरी कुठे आपली होती!

गुहागर
'पार्ट' चालेल, पण त्यात तुमचा विषय मावणार नाही. 'सोंग' सोडू नका.

ढोंग आणि सोंग आपण जोडीने बोलतो म्हणून ते सख्खे भाऊ वाटतात. तसे ते नाहीत. ढोंगाचं कौतुक करता येत नाही. 'ढोंग काय झकास वठलंय' असं कुणी म्हणालं, तर ते टोमण्यानेच. सोंग मात्र वठतं, रंगतं. आमच्याकडे शिमग्यात संकासुर येतो. काळा झगा, उंच टोपी, कमरेला घुंगरं. आत वाडीतला कोण आहे हे पोरांना चालीवरून कळलेलं असतं, तरीही ती किंचाळत पळतात. इथे कुणीच कुणाला फसवलेलं नाही. सोंग आणणाऱ्याला ठाऊक, बघणाऱ्याला ठाऊक, आणि दोघांना ठाऊक आहे हेही दोघांना ठाऊक!

संतांनी हा शब्द तत्त्वज्ञानासाठी वापरला तो याच बळावर. तुकोबा म्हणतात, 'नटनाट्य अवघें संपादिलें सोंग । भेद दाऊं रंग न पालटे', आणि लगेच पुढे, 'मांडियेला खेळ कौतुकें बहुरूप । आपुलें स्वरूप जाणतसों'. सोंग घेऊनही आपण कोण हे विसरायचं नाही. याला ढोंग म्हणाल? ज्ञानेश्वरीतही बहुरूप्यांच्या राजा-राणीचा दृष्टांत आहे. त्यांच्या मनात स्त्री-पुरुष हा भाव नसतो, तरी लोकांपुढे ते सगळं तसंच करून दाखवतात. माउलींचा त्यासाठीचा शब्द आहे 'लोकसंपादणी'. खरं तर 'अभिनय'च्या शेजारी हा शब्द आज बोलण्यात असायला हवा होता.

देवगड
आणि 'झोपेचं सोंग घेतलेल्याला जागं करता येत नाही' ही म्हण कुठे ठेवायची? तिथे तर शुद्ध फसवणूक आहे. आमची आजी दिवसातून दहा वेळा म्हणायची, 'काय सोंगां करतंस रे मेल्या!' त्यात तुकोबा नव्हते.

गुहागर
मुद्दा चांगला काढलात. म्हणजे नाम दोन्हीकडे चालतं. आता त्याच्या पुढची क्रियापदं बघा. घेणं, आणणं, करणं ही दोन्ही पक्षांची. 'पैशाचं सोंग आणता येत नाही' यातलं आणणं आणि शिमग्यातलं आणणं एकच. पण संपादणं, वठणं, रंगणं ही फक्त उघड्या सोंगाची. 'उघडं पडणं' हे फक्त लपवलेल्या सोंगाचं. संकासुराचं सोंग उघडं पडूच शकत नाही, कारण ते झाकलेलं नव्हतंच. तेव्हा कणकवलीकर, 'भीमाचं सोंग वठवलं' लिहा. क्रियापद वाचकाला योग्य बाजूला नेईल.

रत्नागिरी
तिसरा शब्द कुणी घेतलाच नाही : पात्र. नाटकाच्या पहिल्या पानावर 'पात्रपरिचय' वाचताना आपल्याला भांडं आठवत नाही, पण अभिनवगुप्त या काश्मिरी पंडिताला आठवलं होतं. नाट्यशास्त्रावरच्या त्याच्या 'अभिनवभारती' या टीकेत रस नेमका कुठे असतो, हा वाद आहे. नटात का? त्याचं उत्तर असं : नट हा आस्वादाचा उपाय आहे, म्हणून तर त्याला पात्र म्हणतात, मद्याची चव पात्राला येत नसते. म्हणजे चव घेणार प्रेक्षक, नटाने ती फक्त पोचवायची.

शंकुक या त्याच्या आधीच्या टीकाकाराचं मतही तिथेच नोंदलेलं आहे. रंगमंचावरचा राम पाहताना आपण 'हा रामच' असं मानत नाही, 'हा राम नव्हे' असंही नाही, 'राम असेल की नसेल' असा संशयही नाही, आणि 'रामासारखा कुणी' असंही नाही. ही पाचवीच जाणीव आहे, चित्रातल्या घोड्याला पोर 'घोडा' म्हणतं तशी. याला चित्रतुरगन्याय म्हणतात. अभिनवगुप्ताला तो पटला नाही हा भाग वेगळा. आडदशावतारात, म्हणजे मुख्य आख्यानाआधीच्या भागात, गणपती आला की मांडवातली म्हातारी माणसं हात जोडतात. तो नमस्कार या चार खणांपैकी कुठल्या खणात टाकाल?

वेंगुर्ले
ह्या भांड्याचा माका काय पटाक नाय. मी स्त्रीपार्टी करतंय. तारामती पोराचा प्रेत घेवन रडता, तेव्हा माझ्या डोळ्यांतसून येता ता पाणी खराच असता.

आता लेखी मराठीत सांगतो. आमच्याकडे लिहिलेलं नाटक नसतं. आख्यान कुठलं, प्रवेश कुठले, एवढं आधी ठरतं. संवाद समोरच्याचं ऐकून जागच्या जागी बोलायचे. समोरच्या राजपार्टीने पुराणातला दाखला टाकला, तर मला त्याच क्षणी उलटा दाखला सुचायला हवा. भांड्यात दुसऱ्याने ओतलेलं असतं. इथे ओतणारा कोण? मीच ना? मग चव मला येत नाही, हे कुणी ठरवलं?

रत्नागिरी
वेंगुर्लेकर, तुमच्या बाजूचा साक्षीदार जुनाच आहे. दहाव्या शतकातल्या धनंजयाने 'दशरूपका'त म्हटलंय, 'काव्यार्थभावनास्वादो नर्तकस्य न वार्यते'. काव्यार्थाची भावना करून येणारा आस्वाद नटाला नाकारता येत नाही. मात्र 'न वार्यते' नीट वाचा. नटाला तो यायलाच हवा असं धनंजय म्हणत नाही. आला तर अडवणार नाही, एवढंच. तुमचा दावा याहून मोठा आहे. सुचणं आणि चाखणं एकाच क्षणी होतं, असं तुम्ही म्हणताय, आणि तेही संहितेशिवाय. जुनी चर्चा बहुतेक काव्य आधी रचलेलं आहे हे धरून चालते. तेव्हा तुमच्या अनुभवावर कुणीतरी स्वतंत्र लिहायला हवं, आणि ते संस्कृतवाल्याने लिहू नये.

मालवण
फ्रान्सचा अठराव्या शतकातला लेखक दिदेरो अगदी उलट टोकाला आहे. थोर नटाला आतून काहीच वाटत नसतं, म्हणूनच तो रोज तसाच रडू शकतो, असं त्याने नटावरच्या एका निबंधात म्हटलंय. तो निबंध तो गेल्यावर, 1830 मध्ये, छापून आला. तारामती बघायला त्याला जत्रेत आणायला हवा होता.

देवगड
तुमच्यातच 'रात्रीचा राजा, सकाळी डोक्यावर बोजा' म्हणतात ना? रात्रभर राज्य केलेला माणूस सकाळी पेटारा उचलून पुढच्या गावाची वाट धरायचा. मला त्यात दिदेरोही दिसतो आणि तुकोबाही.

वेंगुर्ले
म्हणतात, पण त्यात तत्त्वज्ञानापेक्षा मानधनाचा भाग जास्त आहे. बोजा उचलताना 'आपुलें स्वरूप' फार लवकर आठवतं.

बाकी कणकवलीकर, एक बारीक गोष्ट सांगतो. भीमाला, दुर्योधनाला 'सोंग' चालेल. संकासुराला तर चालेलच. आमच्या आडदशावतारातला वेद चोरणारा संकासुर मालवणीत बोलून लोकांना हसवतो, त्याला 'भूमिका' म्हटलंत तर तोच तुमच्या पाठी धावेल. पण गणपतीला आमच्याकडे सोंगही म्हणत नाहीत आणि पार्टही नाही. 'गणपती इलो' म्हणतात, बस्स.

कणकवली
मग वाक्यं अशी करतो : 'गणपती आला. संकासुराने वेद चोरले. उत्तररात्री भीमाचं सोंग असं वठलं, की पेंगणारे ताठ बसले.' भूमिका हा शब्द लेखात एकदाच ठेवलाय, माझी स्वतःची सांगताना. 'लोकसंपादणी' मथळ्यात घालावा का, यावर गुहागरकरांचं मत हवंय.

गुहागर
घाला, पण पहिल्याच परिच्छेदात ओवीचा संदर्भ द्या. नाहीतर लोकांना तो जनसंपर्क खात्याचा शब्द वाटेल.