टिळकांच्या अभंगाला चार आवाज कशाला?

काळी_चार: नाताळच्या उपासनेत आमच्या चर्चच्या क्वायरने ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचा अभंग चार आवाजांत म्हटला (बायकांचे सोप्रानो-अल्टो, पुरुषांचे टेनर-बास). त्यावर इथे कुणीतरी लिहिलं, ‘आता कुठे आपली मंडळी (म्हणजे आपलं चर्च) जगाच्या बरोबरीला आली.’ वा! मग इतकी वर्षं काय दरीत होतो? चाल भैरवीतली. पंचमावर कॉर्ड, म्हणजे एकदम लागणारे तीन सूर, धरा: प, कोमल नी, कोमल रे. डिमिनिश्ड, म्हणजे आवळलेला, अस्थिर कॉर्ड! ते कानाला खुपतं म्हणून अरेंजर गुपचूप शुद्ध नी, शुद्ध रे घुसवतो. उरली कुठे भैरवी?

बास_शरणपूर: पंचमावर जायचंच कशाला? बासने षड्ज धरावा, शेवट कोमल रे-म-ध वरून सा-वर आणावा. रागाला धक्का नाही. शिवाय भैरवीत बाराही सूर लावतातच.

काळी_चार: ते ठुमरीत, साहेब. वेदीसमोर नाही.

बास_शरणपूर: आणि आपल्या ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातली भाषांतरित गीतं विलायती चालींवर म्हणताना ऱ्हस्वाचं दीर्घ होतं, तेव्हा नाही खुपत? अभंगाचं सहा-सहा-सहा-चार अक्षरांचं माप निदान मराठी तोंडात बसतं.

डग्गा_नाशिकरोड: चार आवाज राहू द्या. आधी कीबोर्डची तयार ऱ्हिदम बंद करा! लहानपणापासून मंडळीत वाजवतोय. नव्या क्वायर लीडरने सांगितलं, ‘दादा, आता गरज नाही.’ मशीनचा भजनी ठेका कधी ऐकलाय? गाणारा श्वास घ्यायला थांबला तरी ते चालूच.

सोप्रानो_ताई: आणि ते ट्रान्सपोझचं बटण! उपासनेच्या मध्येच पट्टी चढवतात, अल्टोवाल्या रडकुंडीला येतात.

डग्गा_नाशिकरोड: बघा! पेटीवाला निदान गाणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो.

कॅथलिक_शेजारी: व्हॅटिकनने १९६३ मध्येच स्थानिक संगीताला मान दिला. आमच्या मिस्सात, म्हणजे उपासनेत, तबला वाजतो. तुमचं अजून चाललंय.

काळी_चार: तुमच्याकडे बाळ येशूच्या यात्रेत स्पीकरवर काय वाजतं, ते बोलू का?

कॅथलिक_शेजारी: बोला की. निदान मराठीत असतं.

बास_शरणपूर: मूळ मुद्द्यावर या. टिळक १९१९ साली गेले, कॉपीराइट कधीच संपला, शब्द सगळ्यांचे आहेत. चार आवाजांत म्हणा नाहीतर एका.

काळी_चार: बरं, तुमचा खर्जातला षड्ज मान्य. एका अटीवर: टेनर आणून दाखवा. आमच्याकडे सगळे पुरुष सोप्रानोचीच चाल एक सप्तक खाली म्हणतात, आणि वर त्याला हार्मनी म्हणतात.

सोप्रानो_ताई: त्यात तुम्हीही आलात, काका.