दुकानाबाहेर टांगलेल्या दाताला काय म्हणायचं?

कर्वेनगरकर : एका प्रवासलेखाचं इंग्रजीतून मराठी करते आहे. त्यात युरोपातल्या जुन्या दुकानांबाहेर टांगलेल्या वस्तूंचं लांबलचक वर्णन आहे. चांभाराकडे सोनेरी बूट, कुलुपवाल्याकडे हातभर लांब किल्ली, सावकाराकडे तीन गोळे. अक्षरं नाहीत, नुसती वस्तू. या प्रकाराला मराठीत शब्द काय? 'पाटी' म्हटलं की डोळ्यांपुढे अक्षरं येतात. 'बोधचिन्ह' लिहिलं तर संपादक म्हणाले, ते संस्थेचं असतं, चांभाराचं नसतं. वस्तू आपल्याकडेही आहेतच. कोथरूडमध्ये एका दातांच्या दवाखान्याबाहेर फायबरचा पुरुषभर उंच दात उभा आहे, हातात ब्रश आणि तोंडभर हसू. हसताना त्या दाताचे दात दिसतात! त्याला काय म्हणू?

चिकित्सक : 'व्यवसायचिन्ह' करा. पहिल्याच वाचनात अर्थ लागतो. सावरकरांनी 'महापौर', 'दिनांक' सुचवले तेव्हाही लोकांनी नाकं मुरडली होती. आज ते शब्द कुणाला टोचतात का? आपण घडवले नाहीत तर शब्द घडणार कसे?

पानशेतपूर्व : शब्द आहे, घडवायची गरज नाही. आमच्या लहानपणी शनिवार पेठेत 'निशाणी' म्हणत. 'चष्म्याची निशाणी दिसली की डावीकडे वळ', असा पत्ता मी आजीच्या तोंडून ऐकलाय. निवडणुकीचंच बघा. कागदावर 'निवडणूक चिन्ह' असतं, पण रिक्षाच्या कर्ण्यातून ऐकू येतं ते 'निशाणी कपबशी'. १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत चित्रं आली ती ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी. तुमच्या चांभाराचा बूटही त्याचसाठी. तेव्हा 'निशाणी'च लिहा.

चिकित्सक : निशाणी फारसी. शिवाय 'प्रेमाची निशाणी' म्हणजे आठवण म्हणून दिलेली वस्तू, त्या अर्थाशी घोळ होईल.

पानशेतपूर्व : आणि 'जाहिरात' कुठली? तीही अरबी 'जाहीर'वरूनच आली, ती काढायची का? हिंदीवाले 'विज्ञापन' म्हणतात. आपल्याकडे विज्ञापना म्हणजे जुन्या पत्रांतली विनंती, सेवकाने धन्याला हात जोडून केलेली. तो शब्द साबणाच्या वडीला लावलेला मला सोसणार नाही.

शनिपारकर : माझी वेगळीच शंका आहे. पुण्यात अशा टांगलेल्या वस्तूंची गरज कितपत होती? इथे खुणेचं काम देवळांनी केलं. जिथे पासोड्या विकल्या जायच्या तिथला पासोड्या विठोबा, जिलब्यांच्या दुकानामुळे जिलब्या मारुती, अशीच या नावांची कथा सांगतात. दुकानाने खूण टांगण्याऐवजी देवानेच दुकानाचं नाव घेतलं. दुकान गेलं तरी नाव राहिलं. पत्ता देवळावरून सांगायचा म्हटल्यावर बूट कोण टांगणार आणि त्याला शब्द तरी कशाला लागणार? मला वाटतं आपण नसलेला शब्द शोधतोय.

रंगारी : मी बोर्ड रंगवतो. आधी पत्र्यावर ऑइलपेंटने, आता बरंचसं फ्लेक्स आणि सनबोर्डचं काम. धंद्यात याला 'कटआउट' म्हणतात, फायबरचं भरीव असलं तर 'मॉडेल'. गिऱ्हाईक यातलं काहीच म्हणत नाही. ते येतं आणि म्हणतं, 'एक दात करून द्या', 'एक कोंबडी करून द्या'. वस्तूचं नाव घेतलं की काम झालं.

कोंबडी सगळ्यात अवघड. चिकन सेंटरवाल्याला ती हसरी लागते, डोक्यावर आचाऱ्याची टोपी, एक पंख उंचावून 'या या' करणारी. डोळे जरा रागीट झाले की परत पाठवतात. मटणवाल्याचा बोकड मात्र हसरा काढलेला मला आठवत नाही.

कर्वेनगरकर : रंगारीदादा, कोंबडी हसते आणि बोकड हसत नाही, हे मी रोज बघूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं. असं का?

रंगारी : ताई, बोकड पारखून घ्यायचा असतो. तो तरणा, भरलेला दिसला पाहिजे, चित्रातच मालाची खात्री द्यावी लागते. ब्रॉयलर सगळीकडे सारखीच, खात्री कशाची देणार? मग तिला हसवायचं.

शनिपारकर : पण स्वतःलाच खायला बोलावणारी कोंबडी मला बघवत नाही. बोकडाचं चित्र निदान त्याचा मान राखतं.

चिकित्सक : कर्वेनगरकर, काहीही करा पण 'कटआउट' छापू नका. 'चिन्ह' नको असेल तर 'फलक' घ्या, 'वस्तुफलक' करा. ज्याला आज 'फ्लेक्स' म्हणतात त्याचंही मूळ 'फलक'च असावं. फ, ल, क, तिन्ही अक्षरं जागेवर आहेत.

पानशेतपूर्व : अक्षरं जुळली म्हणून नातं जुळत नाही. फ्लेक्स लॅटिनमधून इंग्रजीत आला, त्यात वाकण्याचा अर्थ आहे. फलक म्हणजे फळी. एक वाकतो म्हणून त्याचं नाव पडलं आणि दुसरी वाकत नाही म्हणून कामाची.

पुरंदरी : तुम्ही सगळे डोळ्यांच्याच जाहिरातींबद्दल बोलताय. रसवंतीवर काय टांगलेलं असतं? घुंगरू! यंत्र फिरलं की छुमछुम, आणि कोपऱ्यावरच्या माणसाला कळतं की ताजा रस निघतोय. बैल चरक ओढायचे तेव्हाच्या घुंगुरमाळेचा हा आवाज. बैल गेले, मोटर आली, घुंगरू ठेवले. गावोगावी रसवंतीला 'कानिफनाथ' किंवा 'नवनाथ' नाव दिसतं त्याचं कारणही आमच्या तालुक्यात आहे. कानिफनाथांचं देऊळ सासवडजवळ बोपगावच्या डोंगरावर आहे आणि तिथल्या पंचक्रोशीतली माणसं या धंद्यात लांबलांब गेली. मला विचाराल तर दात, बूट, कोंबडी यांपेक्षा ही जाहिरात मोठी. तिला कुठल्याच भाषेच्या शब्दाची गरज लागली नाही.

चिकित्सक : 'चरक' हा शब्द आयुर्वेदातल्या चरकाचार्यांवरून असणार. रस हे औषधच की.

पुरंदरी : नाही हो. गुऱ्हाळावर आम्ही चरक म्हणतो, रसवंतीवर काही जण चरखा म्हणतात. फिरतो तो चरक. आचार्यांचा काय संबंध?

पानशेतपूर्व : पुरंदरी बरोबर आहेत. फारसीत 'चर्ख' म्हणजे चाक. चिकित्सकांनी दुःख करू नये, कारण तो 'चर्ख' आणि आपलं 'चक्र' एकाच मुळाचे, इराणी आणि संस्कृत अशा दोन घरांत वाढलेले. हा शब्द परका म्हणून हाकलायचा की आपला म्हणून ठेवायचा, ते आता तुम्हीच सांगा.

चिकित्सक : ठेवायचा. पण मग 'रसवंती'चं काय? जुन्या मराठीत रसवंती म्हणजे जीभ, वाणी. चांगल्या वक्त्याची रसवंती. उसाच्या रसाच्या दुकानाला 'रसवंतीगृह' म्हणणं हा त्या शब्दावर अन्याय आहे.

शनिपारकर : अन्याय कसा? मला तर ते नाव फार सुंदर वाटतं. रस जिभेवरच येतो ना! आणि लिहायचं कसं, 'रसवंतिगृह' की 'रसवंतीगृह'? लक्ष्मी रस्त्याच्या आसपास मी दोन्ही पाहिलेत.

रंगारी : गिऱ्हाईक कागदावर लिहून देईल तसं. काही लिहून दिलं नाही तर मी दुसरी वेलांटी काढतो. बोर्ड लांबून वाचायचा असतो, पहिली वेलांटी वाहनातून जाणाऱ्याला नीट दिसत नाही.

चिकित्सक : म्हणजे शुद्धलेखन वाहनाच्या वेगावर ठरणार? याला माझा स्पष्ट विरोध आहे. याचा वेगळा धागा काढतो.