जुन्या सी कोडला जोडायचा नवा मोड्यूल: झिग की रस्ट?

अंधेरी_फर्मवेअर
अंधेरी एमआयडीसीत आम्ही कारखान्यांतल्या मीटरची रीडिंग गोळा करणारा गेटवे बनवतो. खाली सगळं सी भाषेत; मीटरशी बोलायच्या मॉडबस प्रोटोकॉलसाठी लिबमॉडबस ही सी लायब्ररी. रस्ट आणि झिग या दोन नव्या प्रोग्रॅमिंग भाषांपैकी नवा मोड्यूल रस्टमध्ये लिहावा असं टीममध्ये बहुतेकांचं म्हणणं. मी ठामपणे झिगच्या बाजूने आहे. झिगच्या स्टँडर्ड लायब्ररीत ज्या फंक्शनला मेमरी हवी, त्याला अ‍ॅलोकेटर (मेमरी वाटून देणारा भाग) हातात द्यावा लागतो; गुपचूप मॅलॉक (सीची मेमरी मागणी) होत नाही. मीटरचा एक फेरा संपला की अख्खा अरीना (त्या फेऱ्यात घेतलेल्या मेमरीचा गठ्ठा) मोकळा. मध्येच एरर आली तर एररडिफर (एरर आली तरच चालणारी आवराआवर) आधी घेतलेलं परत करतो. सीची हेडर फाइल (लायब्ररीतल्या फंक्शनांची यादी) थेट आयात होते, आणि आर्म प्रोसेसरच्या बोर्डाची बिल्ड झिग सीसी या कंपायलरने लॅपटॉपवरच निघते.

भांडुप_पूर्व
साफ असहमत. फ्री केलेली मेमरी पुन्हा वापरली तर झिगचा कंपायलर काही बोलत नाही; रस्टचा तिथेच अडवतो. डीबग अ‍ॅलोकेटर लीक (परत न केलेली मेमरी) आणि डबल फ्री (तीच मेमरी दोनदा सोडणं) पकडतो, पण तो कोड प्रत्यक्ष चालला तरच. टेस्टमध्ये न आलेली केस ग्राहकाच्या कारखान्यात येते. क्रोम ब्राउझरचा मूळ प्रकल्प असलेल्या क्रोमियमने 2020 मध्ये सांगितलं, त्यांच्या गंभीर सुरक्षा-दोषांपैकी सुमारे 70 टक्के मेमरीचे. तो कोड लिहिणारे काही नवशिके नव्हते! शिवाय रस्टचं 1.0 आलं 2015 मध्ये. झिगचं अजून नाही. 0.15 मध्ये रीडर-रायटर (डेटा वाचायचे-लिहायचे भाग) पार बदलले. गेटवे वर्षानुवर्षं भिंतीवर राहणार, तोवर हे कोण सांभाळणार?

अंधेरी_फर्मवेअर
व्हर्जन पिन करू, म्हणजे एकच धरून ठेवू. पण सीला हाक मारताना रस्टमध्येही अनसेफ (जिथे कंपायलर सुरक्षिततेची हमी देत नाही तो भाग) लिहावंच लागतं ना?

भांडुप_पूर्व
लागतं, पण ते कुठे आहे ते शोधून सापडतं. तुमच्याकडे सगळी फाइलच संशयित.

ठाकुर्ली_लोकल
खरी अडचण मालकीची, म्हणजे मेमरी कुणी सोडायची याची आहे, आणि ती हेडर फाइलमध्ये लिहिलेली नसते. लिबमॉडबसने दिलेला कॉन्टेक्स्ट (जोडणीची माहिती) त्याच्याच मॉडबस_फ्रीनेच सोडायचा. तो झिगच्या अ‍ॅलोकेटरला दिलात किंवा रस्टच्या बॉक्समध्ये (ज्याची मेमरी रस्ट स्वतः सोडतो) कोंबलात, तरी वाट लागणारच. झिगने आयात केलेला सी पॉइंटर (मेमरीतला पत्ता) एका वस्तूचा की रांगेचा, नल (रिकामा) असू शकतो की नाही, हेही सांगत नाही. म्हणून सी कोडला झाकणारी एकच रॅपर फाइल ठेवा आणि तिथेच तो नीट प्रकारात बदला. एवढं मात्र म्हणेन, झिगचं डिफर (काम संपताना आवरायची सूचना) लिहायला माणूस विसरतो, रस्टमध्ये तेच काम करणारा ड्रॉप आपोआप चालतो.

अंधेरी_फर्मवेअर
रॅपरचं पटलं. पण मेमरी संपली तर काय, हे कुणीच विचारलं नाही. रस्टच्या नेहमीच्या व्हेक्टरला (वाढत जाणारी यादी) मेमरी मिळाली नाही तर प्रोग्रॅमच बंद पडतो. झिगमध्ये ती साधी एरर. टेस्टमध्ये प्रत्येक अ‍ॅलोकेशन (मेमरीची मागणी) एकेक करून मुद्दाम फेल करून बघता येतं.

भांडुप_पूर्व
मेमरी मागितली की लिनक्स आधी हो म्हणतो आणि नंतर ती कमी पडली की प्रोसेस मारतो. ती एरर तुमच्यापर्यंत पोचणारच नाही.

अंधेरी_फर्मवेअर
म्हणूनच फिक्स्ड बफर. सुरुवातीलाच ठरावीक बफर घेऊन अ‍ॅलोकेटर त्यावरच चालवायचा. मर्यादा आपली, तेव्हा तो भरला की एरर आपल्याच कोडला मिळते, आणि तो फेरा सोडून पुढचा मीटर वाचता येतो.