अनुभव धागा: हिवाळा सरताना तळ्याकाठचं घर आणि कुत्री

बर्फ काठाकडून सुटायला लागला की आमच्या घरात सकाळी एकच धांदल असते, कुत्र्याआधी दाराशी पोहोचायची. थंडी सरतानाचे हे तीन-चार आठवडे मला वर्षातले सगळ्यात लाडके आणि सगळ्यात धास्तीचे. ज्यांच्या घराजवळ तळं आहे आणि घरात कुत्री आहेत, त्यांनी आपले अनुभव इथे जरूर लिहा. सुरुवात मी करतो.

तीन वर्षांपूर्वी वाघ्या बदकांमागे धावला आणि काठापासून पंधराएक फुटांवर बर्फ फुटून पाण्यात गेला. मी मागे धावणारच होतो, शेजाऱ्यांनी दंडाला धरून थांबवलं. त्यांनी शिडी आणली, काठावर पालथे पडले आणि शिडी बर्फावरून पुढे सरकवली. वाघ्याने पुढचे पाय तिच्यावर टाकले आणि आम्ही त्याला ओढून घेतलं. कोरडं पुसून, पांघरुणात गुंडाळून थेट डॉक्टरांकडे नेलं. वाचला.

तोवर माझा भरवसा जाडीवर होता. नवा, पारदर्शक बर्फ 10 सेंटीमीटर असला तर चालणाऱ्या माणसाला पेलतो, हे खरं. पण या दिवसांतला तेवढाच जाड बर्फ उन्हाने आतून पोखरलेला असतो, उभ्या सुयांसारखा सुटा झालेला. काठाशी, बोरूच्या बेटाभोवती आणि ओहोळ येऊन मिळतो तिथे तर तो आधीच गेलेला असतो. शेवटचा तुकडा विरघळेपर्यंत आमच्याकडे आता पट्टा सुटत नाही.

*

वाचतानाच पोटात गोळा आला. आमच्याकडे बर्फ लवकर जातो, आमची काळजी वेगळी आहे.

आमची चिमी म्हातारी, कानाने अधू. रोज संध्याकाळी उथळ पाण्यात पोटापर्यंत जाऊन उभी राहते. एकदा ती बाहेर आली तेव्हा पायाला बेडकांच्या अंड्यांचा चिकट गोळा लागलेला होता. मला फार वाईट वाटलं. बेडूक नेमके उथळ, उन्हाच्या बाजूलाच अंडी घालतात, आणि म्हातारीलाही तेच कोमट पाणी हवं असतं! मग त्या बाजूला फांद्या रोवून बुटकं कुंपण केलं आणि तिच्यासाठी पलीकडचा काठ मोकळा ठेवला.

तेव्हापासून रोज बघायची सवय लागली. बेडकांची अंडी गोळ्यात असतात, भेकांची (म्हणजे खरखरीत कातडीचे टोड) लांबलचक माळेसारखी, पाणवनस्पतींना गुंडाळलेली. मध्येच रात्री गोठलं तर वरची अंडी पांढरी पडतात, पण खालची बहुधा वाचतात. म्हणून पांढरा थर दिसला तरी गोळा उपसून टाकू नका.

*

भेकांचा विषय निघालाच आहे म्हणून लिहिते. या दिवसांत पावसाळी रात्री ते तळ्याकडे निघतात. आमच्या राणीने एक तोंडात धरला आणि लगेच टाकला, पण दोन मिनिटांत तोंडाला फेस, डोकं झटकणं, लाळेची धार. भेकाच्या डोळ्यांमागच्या ग्रंथींतून विष सुटतं. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं ते असं: मान खाली धरा, पाणी गालाच्या बाजूने सोडून पुढून बाहेर वाहू द्या, घशाकडे जाऊ देऊ नका. ओल्या फडक्याने हिरड्या पुसा, फडकं दर वेळी धुऊन घ्या. उलट्या, झोकांड्या किंवा झटके दिसले तर वाट न बघता दवाखाना. राणी तासाभरात सावरली. मी मात्र रात्रभर तिच्याशेजारी बसून होते.

*

लॅब्राडॉरवाल्यांसाठी छोटीशी गोष्ट. पहिल्याच दिवशी गार पाण्यात मनसोक्त पोहला, दुसऱ्या दिवशी शेपूट चिंधीसारखं लोंबत होतं. मोडलं असंच वाटलं. शेपटीच्या मुळाशी स्नायू दुखावले होते. विश्रांती आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध, चार दिवसांत परत हलायला लागलं.

*

माझं सांगणं केसांबद्दल आहे. दिवस मोठा होऊ लागला की कुत्र्यांची आतली लव सुटते. मी ती वर्षानुवर्षं झुडपांवर पसरून ठेवत असे, पक्षी घरट्यांसाठी उचलून न्यायचे. किती आनंद व्हायचा! पण गोचिडांसाठी मानेवर थेंब टाकायचं औषधही मी त्याच महिन्यात सुरू करायचो. 2025 मध्ये ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी ब्लू टिट आणि ग्रेट टिट या पक्ष्यांची घरटी तपासली. अशा औषधांतलं फिप्रोनिल हे कीटकनाशक प्रत्येक घरट्यात निघालं, आणि ज्या घरट्यांत कीटकनाशकं जास्त, तिथे मेलेली पिल्लं आणि न उबलेली अंडीही जास्त. वाचून हात थरथरले.

हेच औषध पोहताना पाण्यातही उतरतं, आणि ते पाणकिड्यांचा जीव घेतं. आता मी केस कचऱ्यात टाकतो. डॉक्टरांना तळ्याचं सगळं सांगून औषध बदलून घेतलं, आणि रोज बोटांनी कानामागे, बगलेत, पायाच्या बोटांमध्ये चाचपतो. गोचीड सापडली की कातडीलगत चिमट्याने धरून सरळ वर ओढायची.

*

बर्फ गेल्यावर आमच्याकडे मेलेले मासे तरंगतात. वर बर्फ आणि त्यावर हिमाचा थर असला की खाली ऊन पोहोचत नाही, प्राणवायू संपतो. कुत्री त्यांवर लोळायच्या आत जाळीने काढावे लागतात. जे मासे जगलेत त्यांना पाणी 10 अंशांवर स्थिर होईपर्यंत खायला घालू नका, पचत नाही.

*

आमच्या पिल्लाचा हा पहिला वसंत. काल अंधार पडताना बेडूक ओरडायला लागले. ते भुंकलं, सगळे गप्प. ते गप्प, सगळे सुरू. तासभर हाच खेळ चालला होता. शेवटी काठावरच, माझ्या पायावर डोकं ठेवून झोपलं.

वरचं वाचून आज सकाळी उन्हाच्या बाजूला फांद्या रोवल्या. तीन गोळे मोजले. पिल्लू पलीकडच्या काठावर चिखल उकरत होतं.