कुलूप बदललं, कॅमेरा लावला, तरी रात्री तीनदा उठतेय

उंबरठा

सात आठवड्यांपूर्वी आमच्या शेजारच्या घरात चोरी झाली. भरदुपारी. घरात कुणी नव्हतं म्हणून कुणाला इजा झाली नाही. पण त्यांची आणि आमची भिंत एकच आहे. दरवाजा फोडला तेव्हा मी भिंतीच्या अलीकडे कपड्यांच्या घड्या घालत होते. दोन धपके ऐकू आले. मला वाटलं, शेजारी कपाट सरकवतायत. मी घड्या घालत राहिले.

त्याच आठवड्यात आम्ही कुलूप बदललं, दारावर कॅमेरा लावला. वाटलं, आता झोप येईल. झालं उलटंच. कॅमेऱ्यापुढून मांजर गेली तरी फोन वाजतो आणि मी कामात असले तरी उघडून बघते. दिवसाला तीस-चाळीस वेळा होतं असं. रात्री तीनदा उठून कडी चाचपते. कडी लावलेली असते, हे हाताला कळतं. पलंगावर येईपर्यंत पुन्हा खात्री उरत नाही. नऊ वर्षांची मुलगी परवा झोपताना म्हणाली, "आई, तू बघून आलीस ना?" ते ऐकून मी हादरले. माझी भीती तिच्यात उतरायला लागली आहे.

नवरा म्हणतो, सोडून दे, वीज एकाच जागी दोनदा पडत नाही. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. आमच्या घराला खरंच धोका आहे का? आणि खबरदारी कुठे संपते, नुसती धास्ती कुठे सुरू होते, हे तुम्ही कसं ओळखता?

जुना करवती

ताई, मी सुतारकाम करतो, दरवाजे बसवण्यात आयुष्य गेलं. फोडलेले दरवाजे दुरुस्तही बरेच केले. त्यावरून सांगतो, कुलूप क्वचितच तुटतं. तुटते ती चौकट. बोल्ट ज्या पट्टीत जाऊन बसतो ना, ती पट्टी बहुतेक घरांत अर्ध्या इंचाच्या दोन स्क्रूंवर टेकलेली असते. लाथ बसली की पट्टी लाकडाच्या कपच्यासकट निघते, नवंकोरं कुलूप दाराला तसंच लटकत राहतं. तुम्ही ऐकलेले दोन धपके मला तेच वाटतात.

म्हणून आज दार उघडून ती पट्टी बघा. जाड पत्र्याची लांब पट्टी घ्या आणि चौकट ओलांडून भिंतीत पकड घेतील असे लांब स्क्रू मारून घ्या. दार बाहेर उघडत असेल तर बिजागऱ्यांच्या खिळी बाहेरून काढता येतात का, तेही तपासा. दुसरं, दार नुसतं ओढून घेतलं की आपोआप बसणारं लॅच म्हणजे कुलूप नव्हे. त्याची जीभ तिरकी असते, पातळ पत्र्याने मागे सरकते. पाच मिनिटांसाठी बाहेर पडलात तरी किल्ली फिरवा. बाल्कनीच्या सरकत्या दाराच्या रुळात मापाची काठी आडवी टाका, ते बाहेरून सरकत नाही.

हे एकदा झालं की पुढची बरीच वर्षं बघावं लागत नाही. कॅमेऱ्याचं तसं नाही. तो चोराला अडवत नाही, तो दाखवतो. आणि त्याचा मूळचा पासवर्ड बदललाय ना? 2016 मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने असे लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. कारण एवढंच, की लोकांनी कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवला होता.

निशिगंध_७

माझं घर फुटलं त्याला चार वर्षं झाली, त्यामुळे तुमची पोस्ट वाचताना पोटात कालवलं.

आधी तुमच्या पहिल्या प्रश्नाचं. वीज दोनदा पडत नाही हे घरफोडीला लागू नाही. एकदा फुटलेल्या घराला, आणि काही प्रमाणात त्याच्या लगतच्या घरांना, पुढचे काही आठवडे नेहमीपेक्षा जास्त धोका असतो. त्याच चोराला वाटा माहीत झालेल्या असतात. बऱ्याच देशांतल्या अभ्यासांत हे दिसलंय. म्हणजे तुम्ही घाबरलात त्यात वेडेपणा नव्हता, तुमच्या मनाने बरोबर ओळखलं होतं. पण तो वाढीव धोका दिवसांगणिक उतरतो. तुमचे सात आठवडे गेलेत, त्यातला बराचसा मागे पडलाय. भीतीला मात्र तारीख कळत नाही. मला हे कुणी तेव्हाच सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

इंग्लंडमधल्या रॉचडेलजवळ कर्कहोल्ट नावाची वसाहत आहे. 1980 च्या दशकात तिथे घरफोड्या फार होत्या. त्यांनी सगळ्या वसाहतीवर पहारा बसवला नाही. ज्याचं घर फुटलं त्याची दारं-खिडक्या लगेच पक्की केली आणि आजूबाजूच्या पाच-सहा घरांना त्या घराकडे लक्ष ठेवायला सांगितलं. घरफोड्या निम्म्याहून कमी झाल्या. मी हे वाचलं तेव्हा मला माझे शेजारी आठवले. त्या दिवसानंतर तीन महिने आम्ही एकमेकांशी धड बोललोच नव्हतो.

दुसरं, तुम्ही गुन्ह्यांच्या बातम्यांचे ग्रुप बघता का? मी रात्री बघत असे. जॉर्ज गर्बनर या अभ्यासकाने 1970 च्या दशकात दाखवलं होतं की जास्त टीव्ही बघणाऱ्यांना जग आहे त्याहून धोक्याचं वाटतं. आता तो टीव्ही उशाशी असतो. माझ्यापुरती मी ओळखायची खूण ठरवली: खबरदारी एकदा केली की मन मोकळं होतं. जी पुन्हा पुन्हा करूनही मोकळं होत नाही, ती खबरदारी नाही. कडी चाचपण्याने माझी भीती पाच मिनिटं थांबायची आणि मग वाढायची. मी दिवसातून एकदाच, झोपण्याआधी, मोठ्याने "कडी लावली" म्हणायला लागले. पहिले दहा दिवस वाईट गेले. तुम्हाला झेपलं नाही तर समुपदेशकाकडे जा. मी गेले होते, आणि लवकर जायला हवं होतं.

एक विचारू? तो आवाज तुम्ही ऐकला होता, हे शेजाऱ्यांना सांगितलंत?

उंबरठा

नाही सांगितलं. तुमचा शेवटचा प्रश्न वाचला आणि फोन बाजूला ठेवला. चोराची भीती आहेच, पण रात्री मला उठवतं ते हे, की मी ऐकलं आणि घड्या घालत राहिले.

उंबरठा

बारा दिवसांनी लिहितेय. पट्टी करवतीदादांनी लिहिली तशीच निघाली, दोन छोटे स्क्रू, त्यातला एक तर हाताने फिरत होता. बदलून घेतली. कॅमेऱ्याचा पासवर्ड बदलला, फोनवरची घंटी बंद केली, संध्याकाळी एकदाच बघते. रात्री अजून एकदा जाग येते. उठत नाही, पडून राहते.

शेजारच्या काकूंकडे गेले. दारातच रडू आलं. मला वाटलं होतं त्या म्हणतील, मग एक फोन का नाही केलास. त्यांनी मला आत बसवलं आणि विचारलं, "किती वाजता ऐकलंस गं?" त्याच्या जरा आधी मुलीच्या शाळेतून फोन आला होता, तो फोनमध्ये सापडला, दोन वाजून दहा मिनिटं. चोरी कधी झाली हे त्यांना कळलंच नव्हतं, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा एवढंच तक्रारीत होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पोलीस ठाण्यात जाऊन वेळ लिहून आलो.

आता आमचं ठरलंय. कुणाकडे ठोकाठोकी होणार असेल तर आधी कळवायचं. न कळवता आवाज आला तर आधी फोन करायचा, उचलला नाही तर पोलिसांना. एकटीने बघायला जायचं नाही. काल दुपारी काकूंचा मेसेज आला, "कपाट सरकवतेय गं." मग भिंतीपलीकडून धपका आला. मुलगी म्हणाली, "काकूंचं कपाट," आणि चित्र रंगवत बसली.