मदत हवी आहे: लेबलचं डिझाइन एआयकडून तपासून घेता येतं का?

देवगडात माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, होमस्टेचे बोर्ड आणि हंगामात आंब्याच्या पेट्यांची लेबलं. यंदा नवीनच ताप सुरू झालाय. गिऱ्हाईक डिझाइन चॅटबॉटला दाखवतं आणि मला कळवतं, “दहापैकी सहाच दिलेत, बदला.”

म्हणून मीही कोकम आगळच्या बाटलीचं लेबल टाकून पाहिलं. त्याच फाइलला सकाळी आठ गुण, संध्याकाळी सहा. दोन नमुने दिले की पहिला आवडतो. क्रम उलटा केला तरी पहिलाच! किरमिजीवर तांबडी अक्षरं वाचता येत नाहीत, हे मात्र बरोबर धरलं. पण जुन्या सॉफ्टवेअरमुळे ‘रत्नागिरी’तली पहिली वेलांटी ग च्या पुढे सरकली होती, तर म्हणे अक्षररचना सुबक आहे. आमच्या आजीने चष्म्याशिवाय पकडलं ते.

खरंच उपयोगी तपासणी हवी असेल तर विचारायचं कसं?

प्रतिसाद:
ताई, गुण मागूच नका. गूगलच्या संशोधकांनी २०१७ मध्ये फोटोंचं सौंदर्य जोखणारं ‘नीमा’ नावाचं एआय मॉडेल केलं, तेसुद्धा शिकलं फोटोस्पर्धेच्या साइटवर लोकांनी दिलेल्या गुणांवर. आगळच्या लेबलाशी त्याचा काय संबंध? तुमचा चॅटबॉट वेगळा, पण त्याच्या आकड्यामागेही ठरलेली पट्टी नाही.

नेमकं विचारा: आधी नजर कुठे जाते, कुठला मजकूर वाचायला त्रास होतो. दोन नमुने दोन्ही क्रमांनी द्या, दोन्ही वेळा एकच जिंकला तरच धरा. रंगांचा फरक विचारू नका, मोजा. अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजळपणाचं गुणोत्तर काढणारे कॉन्ट्रास्ट चेकर फुकट मिळतात. वेबसाठीच्या नियमात हे गुणोत्तर बारीक अक्षरांना किमान ४.५:१ आणि मोठ्यांना ३:१ लागतं. छपाईला तेवढ्यावर विसंबू नका, शाई कागदात पसरते. प्रूफ काढाच.

आणि मराठी मुद्रितशोधन आजीकडेच ठेवा. ओळखीचा शब्द मोडका दिसला तरी चॅटबॉट बरेचदा तो सुधारूनच वाचतो.

धागाकर्ती:
आभारी आहे, क्रम उलटून बघते. शाकाहारीचा हिरवा ठिपका, लायसन्स नंबर, वजन, उत्पादन तारीख अशी यादी देऊन काय राहिलंय ते विचारलं तर चालेल ना?

प्रतिसाद:
चालेल, आहे-नाही बघणं त्याला बऱ्यापैकी जमतं. ठिपक्याचा आकार मात्र छापील प्रतीवर पट्टी लावून मोजा.